फिटचा महिना

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. माझ्यासारख्याला वाकायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे, तेव्हा हा नमस्कार मोठा समज.

फोनवर तुझ्या शिलाई मशीनच्या आवाजात तुला अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेल्या अर्ध्याला तू ‘हो हो, जेवते’ म्हणतेस. म्हणून पत्रच बरं. माझा कामाचा जुना सूट वेगळ्या पार्सलने पाठवलाय. त्याच मापाचे दोन नवे शिव. इथल्या दुकानातला सगळ्यात मोठा घातला तरी बाह्या कोपरापाशी संपतात, आणि साईटवरची माणसं विचारतात, धाकट्या भावाचा उचलून आणलास का?

एक जास्तीचं काम आहे. दोन्ही सुटांच्या पाठीत, खांद्यांखाली, जाड कॅनव्हासच्या दोन पट्ट्या शिव. त्यांतून पट्टा ओवता आला पाहिजे. वर क्रेनच्या केबिनमध्ये वारा फार लागतो, खुर्चीला बांधून घेतलं की बरं पडतं. टाके दुहेरी घाल.

बाकी मजेत. वर्षाची तपासणी झाली. कंपनीच्या डॉक्टरांनी डोळे बघितले, कान बघितले, ‘काही आजार?’ म्हणून विचारलं. मी ‘नाही’ म्हटलं आणि त्यांनी ‘फिट’ असा शिक्का मारला. अजून एक वर्ष मी ढगात!

तुझा,
बांबू


१२ फेब्रुवारी

चि. बांबू,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं, पार्सल अजून वाटेत आहे.

तुझा तो शिक्का वाचून आपला जुना खेळ आठवला. तू वसतिगृहात होतास, दर परीक्षेला इंग्रजीत गटांगळ्या खायचास, तेव्हा आपण महिन्याला एक इंग्रजी शब्द धरायचो. शब्दकोश उघडायचा नाही, स्वतःच्या कानांनी ऐकलं असेल तेवढंच लिहायचं. ‘लाईन’च्या महिन्यात तू मला सपशेल हरवलं होतंस, ते मी विसरलेली नाही. तर हा फिटचा महिना. सुरुवात मी करते.

माझ्या दुकानात हा शब्द सुईदोऱ्याच्या आधी येतो. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, पोट आत ओढतं आणि म्हणतं, ‘फिट्ट बसलं!’ मी म्हणते, आता श्वास सोडा. ‘फिटिंग करून द्या’ म्हणजे आवळून द्या. पुढच्याच महिन्यात तेच गिऱ्हाईक ‘फिटिंग फारच झालं हो’ म्हणत उसवायला हजर. नळवाल्याचं फिटिंग म्हणजे नळाचा जोड, आणि तो गळतोय. वायरमनचं फिटिंग म्हणजे दिवा, आणि तो लागत नाहीये. समोरच्या गॅरेजमधला फिटर ‘लगेच फिट करतो’ म्हणाला की समजायचं, दोन दिवस फिरकत नाही. काजं करायला येणाऱ्या बाई आहेत ना, त्यांनी लेकीसाठी स्थळ बघितलंय. ‘जोडी एकदम फिट्ट’ म्हणतात. नवऱ्याविषयी मात्र म्हणतात, ‘ह्यांच्या डोक्यात एकदा फिट झालं की ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही.’ एकाच बाईच्या तोंडी एकाच दुपारी किती तऱ्हा!

आता तुझी पाळी.

पट्ट्यांचं बघते. पण एक सांग. केबिन चारी बाजूंनी काचेची आहे, असं तूच मागे लिहिलं होतंस. मग आत वारा येतो कुठून?

तुझी आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्यास,

तू शिंपीण आहेस की पोलीस? काचांना फटी असतात. झालं समाधान?

आता माझी यादी घे. आमच्याकडे हुकाच्या दोराचा एक तंतू तुटलेला दिसला तरी दोर ‘अनफिट’. त्याला दुसरी संधी नाही, तुकडे करून टाकतात. जुन्या मशीनला नवा भाग बसवला की ‘रेट्रोफिट’. जेवणाच्या डब्याचं झाकण फिट झालं की उघडायला तिघंजण लागतात. कुणाला न केलेल्या चुकीत अडकवलं, तर ‘मला फिट केलं रे’. सुपरवायझर माझ्यावर खूश असले की म्हणतात, ‘तू आपल्यात फिट होतोस.’ हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं, कारण मी कशातच फिट होत नाही, खाटेतसुद्धा नाही.

आणि शिट्टीवाला. मागे लिहिलं होतं बघ त्याच्याविषयी. मी वर, तो खाली. हुकाला भार अडकवायचा आणि मला इशारे करायचे हे त्याचं काम. हातात वॉकीटॉकी असते, पण त्याचा जीव शिट्टीवर. काल चहा मी पाजला, आज त्याने पाजला, आणि म्हणतो, ‘फिट्टंफाट!’

संपला तुझा शब्द. सगळे अर्थ आले. बक्षीस म्हणून पट्ट्या लवकर शिव.

तुझा,
बांबू


१ मार्च

चि. बांबू,

‘फिट्टंफाट’ बाद. तो आपला घरचा आहे, इंग्रजांचा त्याच्याशी संबंध नाही.

सगळे अर्थ आले नाहीत. एक तू गाळलास. मीही गाळला होता. आपल्या घरात तो कधी कुणी उच्चारलाच नाही. ‘काल तो आला होता’ एवढंच म्हणायचो. शेजारीण विचारायची, कोण हो? मी म्हणायचे, लांबचा पाहुणा.

पार्सल आलं. माप घ्यायला सूट उलटा केला, तर पाठीत तुझ्याच हाताच्या दोन पट्ट्या. टाके असे, की मोच्याने पोतं शिवावं. राग आला आधी, माझ्या हातचं कापड असं भोसकलेलं बघून. मग नीट पाहिलं. पट्ट्यांखालचं कापड घासून गुळगुळीत झालंय, उजवीकडची शिवण आतून ताणून फाटलीय. हे काही आठवड्याभराचं काम नाही. किती दिवस बांधून घेतोयस स्वतःला?

मला क्रेनमधलं ओ की ठो कळत नाही. पण तू पाच वर्षांचा असल्यापासून मी तुला वाढवलंय. दादा-वहिनी गेल्यावर तू माझ्या मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगावर झोपायचास. तो यायचा तेव्हा आधी मान मागे जायची आणि मग तू पुढे कोसळायचास. पाठीकडून बांधलेला माणूस पुढे कोसळत नाही.

वाऱ्याचं नाव नको सांगूस. तो परत आलाय का?

तुझी आत्या


९ मार्च

ती. आत्यास,

हो. आलाय.

सोळाव्या वर्षी गेला तो कायमचा, असं आपण दोघांनी धरलं आणि गोळ्या बंद केल्या. गेल्या हिवाळ्यात परत आला. खोलीत एकटाच होतो. सकाळी जीभ चावलेली, अंथरूण ओलं, सगळं अंग ठणकत होतं. मी स्वतःला सांगितलं, ताप असेल. दुसऱ्यांदाही खोलीतच आला. तिसऱ्यांदा वर आला, जेवणाच्या सुट्टीत. हुक रिकामा होता. पट्ट्यांनी मला धरून ठेवलं, म्हणजे उपाय चालतो. शिवाय हँडल असं आहे की हात सुटला की मशीन जागच्या जागी थांबतं. उगाच घोर लावून घेऊ नकोस.

सांगितलं तर मला खाली उतरवतील. आत्या, खाली काय आहे माझं? प्रत्येक दाराची चौकट माझ्या कपाळाला ओळखते. बसमध्ये मान वाकडी करून उभा राहतो आणि लहान मुलं आयांना विचारतात, हा माणूस असा का? वरची केबिन एवढीशी आहे, गुडघे हनुवटीला लागतात, पण तिथे मी मावतो. खालून आवाज येतो, ‘बांबू, हे तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही.’ तेवढ्यासाठी मी रोज ती शिडी चढतो.

आणि कुणाला सांगायचं नाही, हे मला कुणी शिकवलं? शाळेत निघताना रोज माझी कॉलर नीट करत कोण बजावायचं? मी तुझंच ऐकतोय.

पट्ट्या शिव. बाकी मी बघतो.

बांबू


१६ मार्च

चि. बांबू,

तुझं पत्र वाचून दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. काजवाल्या बाईंना सांगितलं, डोकं दुखतंय.

मीच शिकवलं, ते खरं आहे. शाळेतून काढतील, पोरं चिडवतील, एवढंच मला दिसत होतं. पण तेव्हा तुझ्या खाली कुणी उभं नव्हतं.

हात सुटला की मशीन थांबतं म्हणतोस. तुझा हात सुटतो का रे? तुला ते कधी दिसलं नाही, मी पाहिलंय. तो यायचा तेव्हा तुझ्या मुठी अशा वळायच्या की मी एकेक बोट धरून सोडवायचे. एकदा गिऱ्हाइकाचं कापड तुझ्या मुठीत अडकलं. ओढून निघेना, शेवटी कात्रीने कापलं आणि त्या माणसाला नवीन आणून दिलं. अशी मूठ त्या हँडलवर वळली, तर काय थांबणार आहे?

तुझ्या साहेबांना मी कळवणार नाही. तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही, हा माझा शब्द. पट्ट्याही शिवीन, हव्या तशा, दुहेरी टाक्यांच्या. पण आधी मला एक पत्र लिही. तुझ्याविषयी नको. त्या शिट्टीवाल्याविषयी लिही. माणूस कसा आहे, घरी कोण आहे, हसतो कसा, आणि भार वर असतो तेव्हा तो नेमका कुठे उभा असतो. आपल्या खेळाचाच नियम लाव, डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं तेवढंच. ते पत्र आलं की त्याच दिवशी पट्ट्या.

तुझी आत्या


२४ मार्च

ती. आत्यास,

एवढंच ना? घे.

शिट्टीवाला माझ्या कोपरापर्यंत येतो, आणि गोल आहे. आम्ही शेजारी उभे राहिलो की साईटवर ओरडतात, ‘दहा आले रे!’ मी एक, तो शून्य. त्याला उंचीची भीती वाटते. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तरी बायकोला पुढे करतो. ‘वर काय दिसतं?’ असं मला रोज विचारतो, आणि मी सांगायला लागलो की कानांवर हात ठेवतो, ‘पुरे, मला गरगरतं.’

हसताना आवाज येत नाही, फक्त पोट हलतं. वरून मला त्याचं हेल्मेट दिसतं, पिवळं, त्यावर त्याने खडूने डोळे काढलेत. म्हणतो, तुला माझं तोंड दिसत नाही ना, म्हणून.

बायकोचे दिवस भरत आलेत. साईटवरच्या प्रत्येकाला तो नाव सुचवायला सांगतो आणि प्रत्येक नावाला नाक मुरडतो. मी म्हटलं, शिट्टी ठेव. म्हणाला, ठेवली असती, पण बायको मला घराबाहेर काढील.

कुठे उभा असतो, ते. भार वर गेला की बाजूला व्हायचं असा नियम आहे. पण तुळई जागेवर बसवताना कुणाला तरी खालून दोरी धरून ती सरळ करावी लागते. ते तो करतो. तेव्हा तो तिच्या खालीच असतो.

मागच्या आठवड्यात मी रजेवर होतो, वर दुसरा होता. मी आल्यावर म्हणाला, ‘बरं झालं बाबा आलास. माझी मान गेली. दुसरा कुणी वर असला की मी सारखा वर बघतो. तू असलास की बघत नाही.’

आत्या, हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. चहा केला, तो तसाच गार झाला. तेव्हा त्याला मी हसून ‘एवढा विश्वास बरा नव्हे’ म्हणालो होतो.

तुला आधीच माहीत होतं ना, हे पत्र पुरं व्हायचं नाही म्हणून? लबाड आहेस.

सूट तसेच पाठव, बिनपट्ट्यांचे. सकाळी शिडीकडे न जाता आधी ऑफिसात जातो.

बांबू


१८ एप्रिल

ती. आत्यास,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहायला हात होत नव्हता.

सांगितलं. शिक्का बदलला. ‘अनफिट’. तंतू तुटलेल्या दोराचे तुकडे करतात, मला स्टोअरमध्ये ठेवलं, एवढाच फरक. सकाळी हेल्मेट, हातमोजे वाटायचे, संध्याकाळी मोजून परत घ्यायचे. स्टोअरचं दार माझ्या छातीपर्यंत आहे. गोळ्या सुरू झाल्यात. डॉक्टर म्हणाले, प्रमाण बसायला वेळ लागेल, मध्ये एखादवेळेस येईलही.

सुपरवायझरांनी सगळ्यांना गोळा केलं आणि मला म्हणाले, आला तर काय करायचं ते तूच सांग. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, ‘मला फिट येते.’ पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो. ‘आली तर कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. चप्पल हुंगवू नका. दाबून धरू नका. थांबेपर्यंत जवळ बसा.’ कुणी हसलं नाही.

शिट्टीवाला पुढेच होता. त्याने सगळं ऐकलं, शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली आणि निघून गेला. तेव्हापासून बोलत नाही. हातमोजे घ्यायलासुद्धा दुसऱ्याला पाठवतो. त्याला मुलगी झाली, हे मला तिसऱ्याकडून कळलं. त्याचं बरोबरच आहे. इतके महिने मी त्याला कशाखाली उभं केलं होतं!

तू म्हणतेस, चांगलं केलंस. असेल. अजून तसं वाटत नाही.

बांबू


१२ मे

आदरणीय आत्याबाई,

नमस्कार. मी शिट्टीवाला. बांबूच्या पत्रांत मी आलो असेन, बरा किंवा वाईट. आधीच सांगतो, घाबरू नका, तो बरा आहे. दवाखान्यात नेऊन आणलं, आता माझ्याच घरी झोपलाय. पाय खाटेबाहेर आहेत, त्यांखाली बायकोने खुर्ची ठेवलीय. तो उठला की लिहीलच, पण मला राहवेना.

मी त्याच्याशी बोलत नव्हतो. आज सकाळी माझे हातमोजे फाटले, आणि मी कुणाला पाठवायच्या आत तोच नवे घेऊन आला. हात पुढे करून उभा राहिला. मी तोंड फिरवलं. आणि तो पडला. एवढा उंच माणूस पडला, पण आवाज फारसा झाला नाही, कारण अर्धा माझ्यावरच पडला.

त्याने सांगितलं होतं तसंच केलं. कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझं जाकीट घातलं. कुणीतरी चमचा घेऊन आला, त्याला मी अशी शिवी दिली की ती तुम्हाला लिहीत नाही. हातमोजे त्याच्या मुठीत होते. थांबल्यावरही मूठ सुटेना. मी एकेक बोट धरून सोडवलं.

तेव्हा मी वर बघितलं. तुळई हुकाला लटकत होती. नव्या चालकाने ती थांबवून धरली होती, खाली गडबड बघून. हळूच बाजूला नेली आणि उतरवली. मी ते बघत होतो आणि माझ्या मांडीवर बांबूचं डोकं होतं. हेच मार्चमध्ये झालं असतं, तर वर तो असता, आणि खाली मी. वर न बघता.

आत्याबाई, मी त्याच्यावर चिडलो होतो, की आधी का नाही सांगितलं. आज कळलं, त्याने वेळेत सांगितलं. तो जागा झाला तेव्हा आधी म्हणाला, ‘तुला लागलं का?’ मी त्याच्यादेखत रडलो. माझं पोट हलत होतं म्हणून त्याला वाटलं, मी हसतोय.

बांबू म्हणतो, तुम्ही शिवता. माझ्या मुलीला एक झबलं शिवाल का? माप घ्यायला गेलो तर हातपाय झाडते. बायको म्हणते, घेऊन तरी काय उपयोग, रोज बदलतंय.

आपला,
शिट्टीवाला


२० मे

चि. बांबू,

तुम्हा दोघांना आणि घरातल्या मायलेकींना आशीर्वाद.

शिट्टीवाल्यांचं पत्र काजवाल्या बाईंना वाचून दाखवलं. मधेच त्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का, आमच्या बांबूला फिट येते ते? त्या म्हणाल्या, ‘इतकी वर्षं शेजारी बसते मी, मला कळणार नाही? तुम्ही बोलत नव्हता म्हणून मी विचारत नव्हते.’ घ्या! सगळं जगापासून झाकलंय असं मी समजत होते, आणि झाकलेले होते ते माझेच डोळे.

झबलं पाठवलंय. मापाशिवाय शिवलं. लेकराला फिट बसणारं कधी शिवू नये, वाढत्या अंगाचं शिवावं. शिवणीच्या आत कापड दाबून ठेवलंय. लागेल तसं उसवायचं, वर्षभर पुरेल. शिट्टीवाल्यांना म्हणावं, नाव लवकर ठेवा, पोर मोठी होऊन स्वतःच सुचवेल.

तुझे दोन सूट सोबत आहेत. बाह्या मनगटापर्यंत आहेत, मी स्वतः मोजल्यात. पाठीत पट्ट्या नाहीत. पुढे, छातीवर, निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने अक्षरं घातलीत, रस्त्यापलीकडूनही वाचता येतील एवढी मोठी: ‘मला फिट येते. कुशीवर वळवा. जवळ बसा.’

तुला नको वाटलं तर उसव. पण टाके दुहेरी आहेत. वेळ लागेल.

तुझी आत्या